स्थळासाठी काढलेला फोटो

आमच्या काकाजींनी काढलेला फोटो ओळखायला अगदी सोपा. त्यातली माणसं भाजीचा विचार करत असतात.

थट्टा नाही करत. काकाजी जन्मात कधी कुणाला 'स्माईल' म्हणाले नाहीत की 'इकडे पाहा' म्हणून चुटक्या वाजवल्या नाहीत. कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि विचारायचे, "भाजी काय केली आज?" समोर नवरदेव असो, सरपंच असो की नातवाला मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी असो, ते माणूस घटकाभर गोंधळायचं आणि आठवायला लागायचं. तेवढ्यात खट्. अड्याळ आणि आसपासच्या गावांत कुणाच्याही घरी जा, भिंतीवर तुम्हाला वांगे-आलू आठवणारे चेहरे दिसतील. एका नवरदेवाने तर उलट विचारलं होतं, "कोनाच्या घरची? माह्या का तिच्या?" तो फोटो फार छान आला. त्याच्या सासूने तो मागून नेला.

मी त्यांच्याकडे शिकले. शिकले म्हणजे काय, अपघातानेच चिकटले. कॉलेजच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो हवा होता म्हणून त्यांच्या स्टुडिओत गेले होते. बाजाराच्या रस्त्यावर त्यांची एकच लांबट खोली होती. अर्ध्या खोलीत स्टुडिओ आणि अर्ध्यात काकूंचं झेरॉक्स मशीन व बांगड्यांचा पसारा. काकाजी गिऱ्हाईक घालवायचे आणि काकू ते दारातून परत आणायच्या, असा तो धंदा चालायचा.

त्या दिवशी माझ्या आधी एक पोरगा होता. काकाजी त्याला सांगत होते, "आज तुहं तोंड बरोबर नाही. उद्या ये."

पडद्याच्या पलीकडून काकू ओरडल्या, "अहो, त्याले परीक्षेचा फारम भराचा आहे! लगन नाही कराचं!"

"परीक्षेवाल्याईनं ओळखाले नाही पाहिजे काय त्याले?"

पोरगा बिचारा निघून गेला. मग एक आजीबाई आल्या. काकाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि थर्माकोलचा एक मोठा पांढरा तुकडा माझ्या हातात कोंबला. "धर हे. आजीच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे. हालली तं मार खाशीन."

मला राग आला. मी गिऱ्हाईक म्हणून आले होते. पण मी तो तुकडा जरा तिरका केला आणि खिडकीतला उजेड उचलून आजीच्या गालावर गेला. डोळ्याखालची काळी सावली निघून गेली आणि आजी एकदम घरातली कुणी वाटायला लागली. मी पुन्हा तुकडा हलवला, सावली आली. पुन्हा हलवला, सावली गेली.

"हालू नको म्हनलं ना!" काकाजी खेकसले.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. माझा पासपोर्ट फोटो काढायचा राहिलाच होता, म्हणजे निमित्त होतं. तिसऱ्या दिवशी निमित्त नव्हतं तरी गेले.

घरी अर्थातच कटकट झाली. बाबांचं धानाच्या बियाण्याचं आणि खताचं दुकान. दुकानात दिवसभर चार गावांची माणसं, त्यामुळे कोण काय म्हणेल हे बाबांना आधीच ऐकू यायचं. पोरीच्या जातीने लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन फिरायचं काय, हा त्यांचा प्रश्न. काकूंनी येऊन आईला सांगितलं, माझ्या पोरीसारखी राहील, दिवस मावळायच्या आत घरी पोहोचवून देईन. बाबांनी "पाहू" म्हटलं. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे हो नाही आणि नाही पण नाही. त्या 'पाहू'च्या भरवशावर मी दोन-तीन वर्षं काढली.

लग्नाची कामं म्हणजे उपाशी मरायची कामं. कारण काकाजींचा एक नियम होता, नवरी जेवल्याशिवाय फोटोवाल्याने जेवायचं नाही. का, तर ती सकाळपासून उपाशी बसली आहे आणि आपण पोट भरून तिच्यासमोर उभं राहिलो तर ते तिला कळतं, आणि मग ते फोटोतही कळतं. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. मांडवात वरपक्षाची मंडळी हात धुऊन, पान खाऊन सुस्त झालेली असायची आणि आम्ही दोघं सुकलेल्या तोंडाने नवरीच्या मागेमागे. मला भूक सहन होत नाही. मी एकदा गुपचूप दोन जिलब्या तोंडात टाकल्या तर काकाजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलले ते थेट परतीच्या रस्त्यावर. "गोड होत्या काय?"

आंब्याच्या झाडाखाली ते कुणाचाही फोटो काढत नसत. आंब्याखाली माणूस हिरवं दिसतं म्हणे. सानगडीला एका लग्नात घरच्यांनी हौसेने आंब्याखाली दोन गाद्यांच्या खुर्च्या मांडल्या, फुलं लावली. काकाजींनी नवरा-नवरी दोघांना उठवून गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीजवळ नेलं. नवरीची आत्या भडकली.

"शेनाजवळ उभं करता काय आमच्या पोरीले?"

"शेन नाही येत फोटोत. हिरवं तोंड येते."

मला मेलीला वाटलं, म्हातारा उगाच हट्ट करतो. मी माझ्या मोबाइलवर दोन्हीकडचे फोटो काढून पाहिले. आंब्याखालची नवरी खरंच जरा हिरवट होती. पण मी हे त्यांना सांगितलं नाही. आधीच एवढा तोरा, त्यात आणखी कशाला भर घालायची!

अड्याळहून सानगडीला जायला लोकांना जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट काकाजींना लागायचा. ते सरळ रस्त्याने जातच नसत. वाटेतल्या प्रत्येक गावात त्यांनी कधीतरी कुणाचातरी फोटो काढलेला, आणि त्या घरी चहा घेतल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अपमान. अपमान त्यांचा की घरवाल्यांचा, ते मला कधी समजलं नाही. स्कूटर दारात थांबली की आत हाक जायची, "फोटोवाले आले गा!" मग चहा, मग भिंतीवरच्या फ्रेमची विचारपूस. "हा पोट्टा आता कोठी आहे?" "पुण्याले." "दाढी ठेवली का काढली?" अशी चौकशी करत आम्ही लग्नघरी पोहोचायचो तेव्हा हळद लागून गेलेली असायची. सगळ्यांना ही सवय माहीत होती, म्हणून लोक त्यांना मुहूर्ताची वेळ अलीकडची सांगायचे. अन् लोक अलीकडची सांगतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते आणखी उशिरा निघायचे.

मी मात्र त्या चहाच्या घरांत बसून खूप काही पाहिलं. कोणत्या घरात उजेड कुठून येतो, माणसं कुठे बसली की मोकळं बोलतात, हे मला क्लासमध्ये कुणी शिकवलं नसतं. पुढे कामानिमित्त मी बरीच फिरले. बर्फाच्या गावांना गेले, मिठाच्या रणात गेले, समुद्रावर गेले. कुठेही गेले तरी आधी कुणाच्या तरी चुलीपाशी जाऊन बसते. बरोबरचे फोटोग्राफर सूर्य उगवायच्या आधी डोंगरावर चढून बसतात आणि मी खाली चहा पीत असते. ते मला आळशी म्हणतात. एकदा हिमाचलात एका मेंढपाळाला मी कॅमेरा डोळ्याला लावून विचारलं, "चाचा, आज सब्ज़ी क्या बनाई?" त्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही आता जेवायलाच बसते. पण फोटो चांगला आला.

काकाजी सगळ्याच बाबतीत शूर होते असं समजू नका. त्यांना माकडांची भीती वाटायची. आंबागडच्या किल्ल्याचे फोटो कुणाला तरी हवे होते, तर आम्ही दोघं गेलो. पायथ्याशी त्यांनी स्कूटर लावली, वर झाडीत पाहिलं, काळ्या तोंडाचा एक हुप्प्या फांदीवर बसलेला दिसला आणि यांचे गुडघे दुखायला लागले. "तू जा वर. मी सामान सांभाळतो." सामान सगळं माझ्याच पाठीवर होतं. मी धापा टाकत वर गेले, बुरुज पाहिले, पडक्या भिंतीतून खाली दिसणारं रान पाहिलं, फोटो काढले आणि खाली आले. काकाजी एका बाईशी पेरूंवरून घासाघीस करत बसले होते.

"वरतून काय दिसते?" त्यांनी विचारलं.

"झाडं. शेतं. धुकं होतं थोडं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग फोटोत पन एवढंच असन," ते म्हणाले आणि पेरू माझ्या हातात दिला.

मी चिडून दुसऱ्या रविवारी एकटीच परत गेले. बाबांना न सांगता, एसटीने. त्या वेळी मला वर लाकडाची मोळी बांधणाऱ्या दोन बाया भेटल्या, मी त्यांच्याशी बोलत बसले, आणि जे फोटो आले ते अजून माझ्याकडे आहेत. काकाजींनी पाहिले. काकूंना हाक मारून म्हणाले, "चाय ठेव, साखर जास्त टाक." त्यांची शाबासकी एवढीच असायची.

रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत शहरातून पोरं येतात. बांधावर उभी राहतात आणि चिखलात वाकलेल्या बायांचे फोटो काढून जातात. काकाजींना याचा भयंकर संताप यायचा. एकदा त्यांनी स्कूटर थांबवून एका पोराला झापलं, "ज्या बाईचा फोटो काढला तिचं तोंड पाह्यलं काय तू? पाठ काढून राहिला तिची! तुह्या मायचा असा काढशीन काय?" पोरगं गांगरलं. मला फार लाज वाटली, कारण पोरगा सभ्य होता आणि त्याचा कॅमेरा आमच्यापेक्षा भारी होता. पण बांधीतल्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकीने ओरडून सांगितलं, "काकाजी, आज पातोडीची भाजी आहे, काढा फोटो!" काकाजींनी काढला.

आता माझ्या फोटोची गोष्ट सांगते. हा माणूस मला खरा कळला तो त्यातूनच.

नागपूरच्या एका संस्थेला आपल्या भागातल्या जुन्या तलावांचे आणि तलावावर जगणाऱ्या माणसांचे फोटो हवे होते. धान करणारे, मासे धरणारे, शिंगाडे काढणारे. काम मोठं होतं. गावोगाव मुक्काम करत, जिल्हे ओलांडत फिरायचं होतं. त्यांनी काकाजींना विचारलं. काकाजी म्हणाले, "माह्या गुडघ्यात दम नाही. पोट्टी येइन." आणि मला येऊन सांगितलं, तू जाऊन राहिली. मला विचारलंसुद्धा नाही. मी आनंदाने स्टुडिओभर नाचले. काकूंच्या बांगड्यांचा एक डबा सांडला.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "मुक्काम? परक्या गावात? आधी लगन. मंग नवऱ्याले विचारजो, थो धाडते का नाही थे."

कारण नेमकं त्याच वेळी तुमसरकडून एक स्थळ आलं होतं. मुलाच्या घरी शेती आणि तो स्वतः राइस मिलमध्ये हिशेबाचं काम पाहणारा. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगते. मध्ये एक दूरचे मामाजी होते, त्यांच्यामार्फत निरोप यायचे. माझ्या फोटोग्राफीबद्दलचा निरोपही आलाच: घरातल्या घरात हौस म्हणून काढले तर चालेल, बाहेर फिरणं आमच्याकडे बायकांना नाही. बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. आईला तर मुलाचं घर एवढं आवडलं की ती रोज त्याच्याबद्दल नवीन काहीतरी ऐकून यायची. मला तिकडे दिलं असतं तर माझा कॅमेरा कपाटात गेला असता. हे मला स्वच्छ दिसत होतं आणि मला जेवण गोड लागत नव्हतं.

मुलाकडच्यांना माझा फोटो हवा होता. बाबांनी काकाजींना फोन करून सांगितलं, हिचा एक साजरा फोटो काढा अन् सरळ मामाजीच्या मोबाइलवर टाकून द्या.

मी धावत स्टुडिओत गेले. "काकाजी, खराब काढा. हलवा. काळा करा. डोळे मिटलेले असतील तेव्हा काढा. तुमच्या पाया पडते."

मला वाटलं होतं ते हसतील. ते एवढे चिडले की काकू पडदा सारून पाहायला आल्या. "मी खराब फोटो नाही काढत. तुले नाही कराचं तं बापाले जाऊन सांग. माह्या कॅमेऱ्याले कायले लबाडी शिकवते?"

"बाबा ऐकत नाहीत ना!"

"मंग मी काय करू?" असं म्हणून ते लेन्स पुसायला लागले. मी रडत घरी आले. एवढी वर्षं ज्याच्यासाठी उपाशी राहिले, थर्माकोल धरले, त्याला माझ्यासाठी एक फोटो बिघडवता येत नव्हता.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, भर दुपारी दंडारीचा नाच रंगतो, आणि लग्नाच्या पोरापोरींना लोक लांबूनच पाहून ठेवतात. सानगडीच्या मंडईला काकाजी मला घेऊन गेले. मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते. पण दंडार सुरू झाली, ढोलकी वाजायला लागली, आणि गर्दीमुळे मला काही दिसेना. मी ओढणी कमरेला बांधली आणि तिथल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले. केस सुटले होते, क्लिप दातात धरली आणि फोटो काढत सुटले. खाली कोण आहे, शेजारी कोण बसलंय, मला शुद्ध नव्हती. राग, स्थळ, तुमसर, सगळं विसरले.

दोन दिवसांनी बाबांनी काकाजींना विचारलं, फोटो कधी काढता? काकाजी म्हणाले, "टाकला बी."

मी स्टुडिओत जाऊन विचारलं, "माझा फोटो कधी काढला तुम्ही? दाखवा."

"तुले कायले? तुहं लगन तुह्यासंग होऊन राहिलं काय?"

"चांगला आहे?"

"बहुत चांगला आहे," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मामाजींचा फोन आला. पोरगी एकदम पसंत आहे, फार साजरी आहे, रविवारी पाहायला येतो. आईने देवापुढे साखर ठेवली. मी समजून गेले. कॉम्प्युटरवर बसून पोरींना गोरं करून देणाऱ्या लोकांना जन्मभर शिव्या घालणाऱ्या या माणसाने मला गोरी करून पाठवलं होतं! मी स्टुडिओत जाणं बंद केलं. काकूंचे फोन आले, उचलले नाहीत.

रविवारी सकाळी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, मोठी बहीण आणि मामाजी. आईने मला गुलाबी साडी नेसवली होती. मी चहाचा ट्रे घेऊन गेले, सगळ्यांना कप दिले आणि सांगितल्याप्रमाणे समोरच्या खुर्चीवर बसले.

मुलाची आई माझ्याकडे पाहून छान हसली. चहाचा घोट घेतला. आईला म्हणाली, "चाय चांगली झाली. आता पोरीले बोलवा ना."

आईला वाटलं ही थट्टा आहे. ती हसली. मुलाची आईही हसली. मग दोघींचं हसणं थांबलं.

"तू कोन वो, लहान बहीन काय?" त्यांनी मला विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

"तूच म्हंजे?"

"हेच तं आहे आमची पोरगी," बाबा म्हणाले.

 मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला, खिशातून मोबाइल काढला, पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल बायकोला दिला. तिने तो लेकीला दिला. लेकीने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बाबांच्या समोर धरला. "मंग हे कोन आहे?"

मी उठून बाबांच्या खांद्यामागून पाहिलं. मंडईतला फोटो होता. मधोमध ट्रॉलीवर मी उभी. कमरेला ओढणी, तोंडात क्लिप, सुटलेले केस, एक डोळा गच्च मिटलेला आणि दुसरा कॅमेऱ्यामागे. आणि माझ्या बाजूला, ट्रॉलीच्या काठावर, पोपटी साडी नेसलेली एक मुलगी बसली होती. केसात गजरा, हातभर बांगड्या, चेहरा सरळ समोर. खरोखर साजरी होती. मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या सगळ्यांनी तिलाच पसंत केलं होतं. मी त्यांच्या लेखी मंडईत फोटो काढायला आलेली कुणीतरी होते. हौस म्हणून घरात फोटो काढणारी पोरगी अशी ट्रॉलीवर चढलेली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मामाजींनी मला लहानपणी फ्रॉकात पाहिलेलं, त्यांनाही ते खरंच वाटलं.

बाबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं मला दिसत होतं. ते काहीतरी बोलणार होते, पण त्याआधी मुलाच्या आईने अगदी साधेपणाने विचारलं, "मंग हे पोपटी साडीवाली कोनाची आहे? सानगडीची आहे काय? तुमाले मालूम असन तं सांगा."

माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पीत, माझ्या बापाला हे विचारलं. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. त्यांना ती मुलगी आवडली होती, एवढंच. पण बाबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मले नाही माहीत," ते म्हणाले.

पोहे खाऊन, सगळे सोपस्कार करून पाहुणे गेले. मुलगा दारात थांबून मला हळूच म्हणाला, "सॉरी हं." म्हटलं ना, चांगला होता.

बाबांनी तेव्हाच काकाजींना फोन लावला. "आत्ता या." एवढंच बोलले.

काकाजी आले. मामाजींनी तो फोटो बाबांच्या मोबाइलवर टाकून दिला होता. बाबांनी मोबाइल पुढे केला. "हा काय फोटो आहे? स्थळाले असा फोटो धाडतेत?"

"चांगला आहे ना," काकाजी म्हणाले. "तिचं खरं तोंड आहे थे. खुर्चीवर बसवून काढला असता तं उधारीचं तोंड आलं असतं."

"तोंडाचं राहू द्या. हे पोरगी कोन?"

"कोनती पोरगी?"

"हे! पोपटी साडीवाली! तिलेच पाहाले आले होते लोक!"

काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाजवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मी त्यांना चांगलं ओळखत होते. दुसऱ्याच्या फोटोत कोपऱ्यात एक चप्पल आली तरी हा माणूस बोंबलायचा. "हे कवा आली मधात?" ते म्हणाले.

"तुमीच काढला ना गा फोटो!"

"मी हिचा काढला." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मले थे दिसलीच नाही, भाऊ. देवाशपथ. मी हिलेच पाहून राहिलो होतो."

त्यांचा चेहरा पार उतरला. खुर्चीत बसले आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "गलती झाली माही. तुमची इज्जत गेली माह्यामुळं. उद्या हिले धाडा. साडीत, फुलदानीजवळ, तुमी म्हनान तसा काढतो. एकटीचाच."

 ते काढणार म्हणजे चांगलाच काढणार. आणि मग दुसरं स्थळ येणार, तिसरं येणार, कुणीतरी हो म्हणणार.

 बाबा त्या मोबाइलकडे पाहत होते. बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. त्यांनी मला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. जवळच्या लग्नांत मी असले की मी दिसायला नको म्हणून ते मुद्दाम उशिरा, दुसऱ्या पंगतीला जायचे.

"तुमाले थे दिसली नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही ना भाऊ."

"अन् त्याईले हे दिसली नाही." त्यांनी मोबाइल आमच्याकडे वळवला. "एवढी मधात उभी आहे माही पोरगी. एवढी मोठी. अन् चार मानसं फोटो पाहतेत, त्याईले दिसतच नाही?"

  आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"नका काढू दुसरा फोटो," बाबा म्हणाले. "हाच धाडत जा. जो म्हनन का हे कॅमेऱ्यावाली आमाले पाहिजे, त्याच्या घरी देऊ. तवरिक जाऊ द्या तिले."

"कुठं?" आईने विचारलं.

"जिथं जाते तिथं."